चाकांची निवड : विद्यार्थी-स्पर्धांतील यंत्रमानवांच्या चालनव्यवस्थेचा इतिहास

स्पर्धेसाठी यंत्रमानव बांधू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांस सर्वप्रथम जो निर्णय करावा लागतो तो त्याच्या चालनव्यवस्थेविषयी होय. यंत्र कोणत्या चाकांवर उभे राहावयाचे, त्या चाकांपर्यंत मोटरची शक्ती कोणत्या मार्गाने पोचवावयाची आणि वळावयाचे झाल्यास ते कसे वळावयाचे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून जी रचना सिद्ध होते तिला येथे चालनव्यवस्था म्हटले आहे. पकडणारा हात, फेकणारे चक्र, चढणारा दोर हे सर्व पुढे बदलता येते. परंतु चौकट एकदा चाकांच्या मापाने कापली गेली की ती बदलणे म्हणजे यंत्र नव्याने बांधणेच ठरते. म्हणूनच स्पर्धांच्या इतिहासात या एका निर्णयास इतके महत्त्व प्राप्त झाले आहे.

या निर्णयाचा इतिहास सामान्यतः एका शिडीच्या रूपाने सांगितला जातो. तळाच्या पायरीवर दोन बाजूंची चाके स्वतंत्र गतीने फिरविणारी साधी पद्धती, तिच्यावर सर्व दिशांना सरकू देणारी ओम्नी चाके, त्यावर मेकॅनम चाके, आणि अगदी वर प्रत्येक चाक शक्तीने फिरते व दिशेनेही फिरते अशी स्वर्व्ह पद्धती. विद्यार्थी अननुभवी होते तोवर खालच्या पायरीवर राहिले, ज्ञान वाढले तसे वर चढले, असा या कथनाचा आशय असतो. ही मांडणी सोयीची आहे खरी, तथापि कालक्रमाच्या कसोटीस ती उतरत नाही.

गाडी वळविण्याचा प्रश्न यंत्रमानवापेक्षा पुष्कळच जुना आहे. वळणावर आतील चाक लहान वर्तुळातून जाते व बाहेरील मोठ्या वर्तुळातून; म्हणून पुढील दोन्ही चाके एकाच कोनात वळविली तर एक तरी चाक घासते. या अडचणीवर म्यूनिकचा गाडी-कारागीर लांकेनश्पेर्गर याने १८१७ मध्ये उपाय काढला आणि लंडनमधील त्याचा प्रतिनिधी रूडॉल्फ अॅकरमान याने १८१८ मध्ये त्याचे इंग्रजी पेटंट घेतले. रचनेस नाव मिळाले ते प्रतिनिधीचे. इरॅस्मस डार्विनला हीच कल्पना त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ आधी सुचली होती. मोटारगाडीने पुढे ही रचना स्वीकारली. विद्यार्थ्यांच्या यंत्रमानवाने मात्र ती क्वचितच घेतली. याचे कारण उघड आहे. अशी गाडी जागच्या जागी वळू शकत नाही, आणि स्पर्धेचे मैदान म्हणजे काही हमरस्ता नव्हे.

ओम्नी चाकाची गोष्ट याहून बोलकी आहे. ज्याच्या परिघावर लहान आडवे रूळ बसविले आहेत, आणि म्हणून जे पुढे ढकलते पण बाजूस सरकण्यास अडथळा करीत नाही, अशा चाकाचे अमेरिकन पेटंट ग्राबोविएत्स्की याने १९१९ मध्ये मिळविले. त्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षे या कल्पनेस फारसे गिऱ्हाईक लाभले नाही. १९७४ मध्ये योझेफ ब्लूमरिख या अमेरिकेच्या अंतराळसंस्थेतील अभियंत्यास अशाच एका सर्वदिश चाकाचे पेटंट मिळाले. ब्लूमरिखची प्रेरणा मोठी विलक्षण होती : बायबलातील एझेकिएल या प्रेषिताला दिसलेले ‘चाकात चाक’ हे एखाद्या अंतराळयानाचे वर्णन असावे अशी त्याची धारणा झाली व तिच्या समर्थनार्थ त्याने एक ग्रंथच लिहिला. ग्रंथातील सिद्धान्तास विद्वानांनी मान्यता दिली नाही, पण चाक मात्र फिरते. याच सुमारास स्वीडनमधील मेकॅनम या कंपनीत काम करणाऱ्या बेंग्ट इलॉन याने परिघावरील रूळ आडवे न बसविता पंचेचाळीस अंशांनी तिरके बसविले. त्याचे अमेरिकन पेटंट १९७५ चे आहे. अशी चार चाके चार कोपऱ्यांवर लावून त्यांच्या फिरण्याच्या दिशा योग्य रीतीने जुळविल्या की गाडी पुढे, मागे, बाजूस अथवा तिरपी, तोंड न वळविता जाऊ शकते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकन नौदलाने जहाजांवरील अरुंद जागेत ओझी हलविण्यासाठी या चाकाचा अभ्यास केला. राहिली स्वर्व्ह पद्धती. उभ्या आसाभोवती चाक फिरवून त्याची दिशा बदलणे ही कल्पना तर ढकलगाडीच्या फिरत्या चाकाइतकी परिचित. तिला केवळ शक्तीची जोड द्यावयाची होती.

म्हणजे ज्या स्पर्धांचा येथे विचार करावयाचा आहे त्या ऐन बहरात येण्यापूर्वीच शिडीच्या सर्व पायऱ्या तयार होत्या. कल्पना उपलब्ध होत्या, पेटंटांच्या दप्तरात त्यांची चित्रे होती, तरीही एका स्पर्धेत एक पद्धती रुजली आणि दुसरीत दुसरी. तेव्हा प्रश्न ‘कोणती पद्धती केव्हा शोधली गेली’ असा नसून ‘कोणत्या परिस्थितीत ती निवडली गेली’ असा विचारावयास हवा. त्याचे उत्तर मैदानाच्या जमिनीत, स्पर्धेच्या नियमांत, हाती असलेल्या आठवड्यांत आणि बाजारात तयार मिळणाऱ्या मालात शोधावे लागते. ज्ञानाच्या वाढीचा वाटा त्यात आहे, पण तो समजला जातो त्याहून बराच लहान आहे.

सर्वांत साध्या समजल्या जाणाऱ्या पद्धतीपासूनच आरंभ करणे इष्ट होईल. दोन बाजूंची चाके वेगवेगळ्या गतीने फिरवून वळावयाच्या या रीतीस विद्यार्थी ‘टँक ड्राइव्ह’ म्हणतात, म्हणजेच रणगाड्याची रीत. नाव यथार्थ आहे. पण रणगाड्याच्या बाबतीत ती मुळीच साधी नव्हती. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या रणक्षेत्रावर ब्रिटिशांचा पहिला रणगाडा उतरला तेव्हा त्याच्या आठ जणांच्या पथकापैकी चौघे केवळ तो चालविण्यात गुंतलेले असत. एक चालक, ब्रेक हाताळणारा नायक, आणि मागील बाजूस दोन्हीकडच्या पट्ट्यांचे गिअर बदलणारे दोघे. एंजिनाच्या गडगडाटात शब्द ऐकू येत नसे, म्हणून हुकूम खाणाखुणांनी द्यावे लागत. या साऱ्या खटाटोपाचे मूळ एकच होते : एंजिन एक आणि पट्टे दोन. एकाच ठिकाणी उत्पन्न होणारी शक्ती दोन बाजूंस कमीअधिक प्रमाणात वाटणे हे यांत्रिक दृष्ट्या अवघड काम होय. वॉल्टर विल्सनने योजलेल्या ग्रहमालिका-गिअरांमुळे १९१८ च्या ‘मार्क पाच’ रणगाड्यात ते एका माणसाच्या हाती आले.

विद्यार्थ्यांच्या यंत्रमानवात ही अडचण उद्भवतच नाही, कारण तेथे प्रत्येक बाजूस स्वतःची विद्युत् मोटर असते. डावीकडच्या मोटरला एक दांडी, उजवीकडच्या मोटरला दुसरी. दोन्ही पुढे रेटल्या की यंत्र पुढे जाते, एक पुढे व एक मागे केली की जागच्या जागी फिरते. चार सैनिकांचे काम दोन अंगठ्यांवर आले. लहान मोटर, विजेची बॅटरी व वेगाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण या तीन वस्तू स्वस्त झाल्यामुळे जी रीत रणभूमीवर सर्वांत कष्टाची होती ती शाळेच्या कार्यशाळेत सर्वांत सोपी ठरली. सोपेपणा हा पद्धतीचा अंगभूत गुण नसून तो तिच्या सामग्रीवर अवलंबून असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

तथापि सोपी म्हणून ती निर्दोष नव्हे. चार कोपऱ्यांवर चार रबरी चाके असलेले यंत्र जागच्या जागी फिरू लागले की प्रत्येक चाकास काही अंशी आडवे घसरावेच लागते. गुळगुळीत फरशीवर हे निभावते. सतरंजीसारख्या जाड विणीच्या गालिच्यावर मात्र, जेथे रबराची पकड उत्तम असते तेथे, यंत्र थरथरते, उड्या मारू लागते, मोटरी भरमसाट विद्युत्प्रवाह ओढतात आणि बॅटरीचा दाब खाली येतो. पुढील चाकामागील चाकांमधील अंतर हे डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या मानाने जितके अधिक, तितका हा विरोध अधिक. पुढे जाण्यासाठी हवी असणारी पकड हीच वळताना शत्रू होते, हा या पद्धतीतील मूळ विरोध होय.

त्यावर विद्यार्थ्यांनी व त्यांच्या मार्गदर्शकांनी जे उपाय काढले त्यांपैकी एक विशेष उल्लेखनीय आहे. चारांऐवजी सहा चाके लावावयाची आणि मधल्या जोडीचा आस इतरांपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर खाली बसवावयाचा. परिणामी कोणत्याही क्षणी मधली दोन व पुढची अथवा मागची दोन अशी चारच चाके जमिनीस टेकतात. वळण्याच्या दृष्टीने यंत्राची लांबी जवळजवळ निम्मी होते. आणि धक्क्याने उलटण्याच्या प्रसंगी आधार द्यावयास टोकाची चाके आहेतच. यंत्र किंचित डुलते, पण वळते सुरेख. ना नवे चाक, ना नवी मोटर; केवळ एका भोकाची जागा बदलली. या पद्धतीचा एक प्रकार, ज्यात चाकांचे आस चौकटीबाहेर एकाच बाजूने धरलेले असतात, कॅलिफोर्नियाकडील संघांमुळे ‘वेस्ट कोस्ट’ या नावाने रूढ झाला. पेटंटांच्या इतिहासात अशा सुधारणेस स्थान नसते. स्पर्धांच्या इतिहासात तिला ओम्नी चाकाहून वरचे स्थान द्यावे लागेल.

आता या स्पर्धांकडे वळू. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९७० नंतरच्या दशकात वुडी फ्लॉवर्स यांनी यांत्रिक रचनेचा ‘दोन-सत्तर’ या क्रमांकाचा पाठ्यक्रम ज्या रीतीने शिकविला तिला या परंपरेत आद्यस्थान आहे. प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच त्याच सटरफटर वस्तूंची पेटी द्यावयाची, एक कामगिरी नेमून द्यावयाची आणि सत्राअखेर त्यांच्या यंत्रांची जाहीर झुंज लावावयाची. सामग्री सर्वांस समान असल्यामुळे फरक पडे तो विचाराने. जपानात टोकियो तंत्रविद्यापीठातील मासाहिरो मोरी यांच्या प्रेरणेने १९८८ मध्ये तंत्रमहाविद्यालयांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा सुरू झाली. पुढे १९९१ पासून विद्यापीठांसाठी वेगळी स्पर्धा भरू लागली. हे मोरी म्हणजे मनुष्यसदृश यंत्राविषयी वाटणाऱ्या अस्वस्थतेची मीमांसा १९७० मध्ये करणारे तेच गृहस्थ. १९८८ च्या पहिल्या स्पर्धेचा विषय होता साध्या कोरड्या विद्युत्घटांवर माणसास घेऊन धावणारी गाडी. इतक्या अल्प शक्तीवर माणूस हलवावयाचा म्हणजे चाक, आस व गिअर यांतील घर्षण वाचविण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. चालनव्यवस्था हाच येथे संपूर्ण प्रश्न होता.

अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापिलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची शालेय विद्यार्थ्यांसाठी पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधील मँचेस्टर गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. अठ्ठावीस संघ आले होते. फ्लॉवर्स हे या उपक्रमात केमन यांचे सहकारी होते, आणि त्या पहिल्या मैदानावर चक्क मक्याचे दाणे अंथरलेले होते. दाण्यांत चाक रुतते, फिरते व पुढे सरकत नाही. म्हणजे खेळ चेंडू गोळा करण्याचा असला तरी परीक्षा प्रथम चाकांची झाली. आयोजकांनी जमीन बदलून चालनव्यवस्थेचा प्रश्न पुन्हा नव्याने मांडावयाचा, ही प्रथा जणू येथूनच सुरू झाली.

या प्रथेचा सर्वांत टोकाचा प्रयोग २००९ साली झाला. मानवाच्या चांद्रावतरणास चाळीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने त्या वर्षीच्या मैदानावर गालिच्याऐवजी गुळगुळीत प्लॅस्टिकचे आच्छादन पसरले गेले व सर्व संघांना एकाच प्रकारची, कठीण व निसरडी चाके वापरण्याची सक्ती करण्यात आली. शिवाय प्रत्येक यंत्रामागे एक गाडा जोडलेला. चाकाची निवडच काढून घेतल्यावर काय उरते? वजन कोणत्या चाकावर किती पडावे आणि मोटरला शक्ती किती हळूहळू द्यावी, एवढेच. ज्या संघांनी अधिक शक्तीच्या मोटरींवर भरवसा ठेवला होता त्यांना चाक जागीच गरगरताना पाहावे लागले. यंत्र किती जोराने ढकलू शकेल याची वरची मर्यादा मोटर ठरवीत नाही. चाकांवरील वजन व घर्षणाचा गुणांक यांचा गुणाकार ती ठरवितो. २०१८ पर्यंत या स्पर्धेत यंत्राचे वजन बॅटरी इत्यादी वगळून १२० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ५४ किलोग्रॅमपेक्षा, अधिक असता कामा नये असा नियम होता. त्यामुळे ही मर्यादा सर्वांस जवळजवळ समानच होती. पाठ्यपुस्तकातील हे सूत्र त्या वर्षी निसरड्या जमिनीने शिकविले.

याच्या उलट टोक म्हणजे २०१६ चे मैदान. मध्ययुगीन गढीवरील हल्ल्याची कल्पना करून तेथे खंदक, दगडी भिंत, ओबडधोबड उंचवटे असे अडथळे रचले होते. त्या वर्षी हवा भरलेले मोठे टायर, आठ-आठ चाके, पट्टे यांचे दिवस आले, आणि सपाट जमिनीवर नाजूकपणे सरकणाऱ्या पद्धती बहुतांशी कोपऱ्यात ठेवल्या गेल्या. शिडीच्या उपमेत याला जागा नाही. वरच्या पायरीवर चढलेले संघ एका वर्षात खाली उतरले आणि शहाणपणाने उतरले.

स्वर्व्ह पद्धतीचा या स्पर्धेतील प्रवेश अनेकांच्या समजुतीपेक्षा फार लवकर झाला. मिशिगनमधील पाँटिअॅकच्या ‘चीफ डेल्फाय’ संघाने ती १९९८ मध्येच योजिली होती. २००३ चे अजिंक्यपद मिळविणाऱ्या त्रयीतील ‘वाइल्डस्टँग’ हा इलिनॉयमधील संघही याच पद्धतीचा पुरस्कर्ता. पण पुढील पंधरा वर्षे ती थोड्याच संघांच्या आवाक्यात राहिली. चार चाकांचे चार स्वतंत्र संच, प्रत्येकास ढकलण्यासाठी व वळविण्यासाठी वेगळी शक्ती, शंकूच्या आकाराची दंतचक्रे, वळलेल्या चाकाचा कोन सतत मोजणारी साधने; आणि हे सारे सहा आठवड्यांत. ज्यांच्या पाठीशी मोठ्या कारखान्याची यंत्रशाळा होती त्यांनाच ते परवडे. दरम्यान सॅन होझे येथील ‘चीझी पूफ्स’ या नावाने ओळखला जाणारा संघ दोन बाजूंच्या साध्या पद्धतीवरच २०११, २०१४, २०१७ व २०१८ अशा चार वर्षी अजिंक्य संघगटात होता. त्यांना दुसरे काही बांधता येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. वाचलेला वेळ त्यांनी यंत्राच्या वरच्या भागावर, चालकाच्या सरावावर व नियंत्रणाच्या प्रोग्रॅमवर खर्च केला, हाच त्यांचा हिशेब होता.

मेकॅनम चाकांची कथा थोडी निराळी व काहीशी करुण आहे. २००४ मध्ये इंडियाना राज्यातील कोकोमो येथे स्थापन झालेल्या ‘अँडीमार्क’सारख्या कंपन्यांमुळे अशी चाके तयार मिळू लागली, तेव्हा नव्या संघांची त्यांवर उडी पडली. वळविण्याची वेगळी यंत्रणा नको, चार मोटरी व चार चाके पुरेत, आणि यंत्र खेकड्यासारखे बाजूस सरकलेले पाहून प्रेक्षक टाळ्या देतात. परंतु रूळ पंचेचाळीस अंशांत तिरका असल्यामुळे जमिनीशी होणारे बल त्याच्या आसाच्या दिशेनेच लागते. म्हणून पुढे ढकलताना घर्षणाच्या मर्यादेच्या सुमारे सत्तर टक्केच बल उपयोगी पडते. ज्या खेळात प्रतिपक्षाचे यंत्र येऊन भिडते त्यात ही तूट जीवघेणी ठरते. चाकाचा दोष नव्हे. इलॉनने ते ओझी हलविण्यासाठी कल्पिले होते, धक्काबुक्कीसाठी नव्हे.

निवड ही प्रश्नावर अवलंबून असते, या विधानाचा सर्वोत्तम पुरावा मात्र दुसऱ्याच एका स्पर्धेतून मिळतो. यंत्रमानवांच्या फुटबॉलची ‘रोबोकप’ स्पर्धा १९९७ मध्ये जपानमधील नागोया येथे प्रथम भरली. तिच्या लहान आकाराच्या विभागात फार तर अठरा सेंटिमीटर व्यासाची यंत्रे गोल्फच्या नारिंगी चेंडूने खेळतात व वरून कॅमेरा सर्व मैदान पाहतो. १९९७ व १९९८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा संघ विजयी झाला. त्याच्या यंत्रांस दोनच शक्तिचलित चाके होती. अशा यंत्रास बाजूच्या चेंडूकडे जावयाचे तर आधी वळावे लागते, मग धावावे लागते. या वळण्यात जो अर्धा क्षण जातो तेवढ्यात चेंडू निघून जातो. रफाएलो डी’आंद्रेआ यांच्या मार्गदर्शनाखालील कॉर्नेल विद्यापीठाच्या संघाने २००० साली मेलबर्न येथे ओम्नी चाकांवरील सर्वदिश यंत्रे उतरविली व अजिंक्यपद मिळविले. थोड्याच वर्षांत त्या विभागात दुसरी पद्धती औषधालाही उरली नाही.

येथे ग्राबोविएत्स्कीचे चाक ऐंशी वर्षांनी आपल्या घरी आले असे म्हणावयास हरकत नाही. यंत्रे अवघी काही किलोग्रॅम वजनाची, गालिचा सपाट, ढकलाढकलीस नियमांची बंदी. म्हणजे या चाकाचे जे जे दोष मानले जातात ते सर्व येथे निरुपद्रवी होते, आणि जो गुण आहे तोच निर्णायक होता. शिवाय वरच्या कॅमेऱ्यामुळे प्रत्येक यंत्राचे स्थान संगणकास सतत ठाऊक असे. सर्व दिशांच्या हालचालीचे गणित करावयास ही माहिती आवश्यकच असते. हाताने दोन दांड्या हलविणाऱ्या शाळकरी चालकास ती सोय नव्हती.

पुढचा प्रसंग अधिकच उद्बोधक आहे. हेच डी’आंद्रेआ २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘किवा सिस्टिम्स’ या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. गोदामातील मांडण्यांखाली शिरून त्या उचलून आणणारी यंत्रे ही कंपनी बनवी. २०१२ मध्ये अॅमेझॉनने ती ७७ कोटी ५० लाख डॉलरांस विकत घेतली. ज्याने खेळाच्या मैदानावर सर्वदिश चाकांचे राज्य आणले त्याच्या कंपनीने गोदामासाठी कोणती चालनव्यवस्था घेतली? दोन शक्तिचलित चाके, दोन मोटरी, रणगाड्याची रीत. गोदामात मार्ग काटकोनी चौकटींचे असतात. यंत्राने चौकात थांबावे, जागी फिरावे व पुढे जावे, एवढे पुरते. वरची मांडणी फिरू नये म्हणून उचलण्याचा भाग उलट दिशेने तितकाच फिरविला की झाले. शेकडो किलोंचे ओझे लहान रुळांवर पेलण्यापेक्षा सलग रबरी चाकावर पेलणे केव्हाही बरे. शिडीचे कथन खरे मानले तर हा अधःपात म्हणावा लागेल. वस्तुतः प्रश्न बदलला तसे उत्तर बदलले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध येतो तो आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाच्या रोबोकॉन स्पर्धेमुळे. जपानी रोबोकॉनच्या धर्तीवर ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली व २००८ आणि २०१४ या दोन वर्षी ती पुण्यात भरली. २००८ चा विषय गोकुळातील लोणी व दहीहंडी यांवर बेतलेला होता. हात उंच नेणारे यंत्र उभारावयाचे म्हणजे त्याचा पाया रुंद व स्थिर हवा, आणि तो पांढऱ्या रेषांवरून अचूक जागी येऊन थांबला पाहिजे. गोविंदांच्या थरांना लागू होणारे सत्य येथेही लागू होते. अमेरिकन स्पर्धेतील झटापट या खेळांत सहसा नसते. साहजिकच ओम्नी चाकांना या परंपरेत लवकर मान्यता मिळाली; पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास ‘ओम्नी’ हा शब्द याच वाटेने परिचित झाला. २०१४ चा विषय आई-बाप व मूल असा होता. ‘मूल’ यंत्रास झोपाळा, सीसॉ, खांबांवरून चालणे व चढण्याची चौकट यांतून जावयाचे असल्यामुळे त्याच्या बाबतीत चाकांचा प्रश्न मागे पडून पकडीचा प्रश्न पुढे आला. आणि २०१९ मध्ये मंगोलियातील उलानबातर येथे झालेल्या स्पर्धेत दोन यंत्रांपैकी एकास चार पायांवर चालण्याची अट घालून आयोजकांनी, निदान त्या यंत्रापुरते, चाकच काढून घेतले.

येथे पुराव्यासंबंधी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. स्पर्धेतील यंत्रे पुष्कळदा टिकत नाहीत. हंगाम संपला की मोटरी व गिअरबॉक्स पुढच्या वर्षासाठी काढून घेतले जातात आणि चौकट भंगारात जाते. मागे राहतात नियमपुस्तिका, चित्रफिती व विजेत्यांच्या कहाण्या. हरलेल्या संघांनी कोणती चाके लावली होती व का, याची नोंद सहसा होत नाही. त्यामुळे ‘अमुक पद्धतीने विजय मिळतो’ असा निष्कर्ष काढताना इतिहासकाराने हात आखडता घ्यावा हे बरे.

२०१९ नंतर चित्र झपाट्याने पालटले. हलक्या व अधिक शक्तीच्या ब्रशविरहित मोटरी २०१९ व २०२० च्या हंगामांत शालेय स्पर्धेत आल्या. सहा आठवड्यांनी काम थांबविण्याचा नियम २०२० पासून रद्द झाला. त्याच सुमारास स्वर्व्ह पद्धतीचे तयार संच, चाक, गिअर व कोनमापक यांसह, अनेक विक्रेत्यांकडे मिळू लागले आणि त्यांसाठी लागणारे प्रोग्रॅमही मुक्तपणे उपलब्ध झाले. पंधरा वर्षे निवडक संघांची मिरास असलेली पद्धती तीनचार हंगामांत वरच्या श्रेणीतील संघांचा सामान्य नियम झाली. विद्यार्थ्यांचे ज्ञान त्या तीन वर्षांत एकदम वाढले असे मानावयास कोणताही आधार नाही. वाढला तो बाजार.

या बदलाचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू पाहणे न्याय्य ठरेल. शंकुदंतचक्रे कापण्यात ज्यांचे सहा आठवडे जात त्यांना आता मार्गनियोजन, स्थाननिर्णय, चालकाचा सराव यांकडे लक्ष देता येते, आणि कारखान्याचा वरदहस्त नसलेल्या शाळांनाही पूर्वी अशक्य असलेली हालचाल साध्य होते. उलट, चार संच म्हणजे आठ मोटरी, आणि त्यांची किंमत अनेक शाळांच्या वर्षभराच्या तरतुदीस भिडते. फ्लॉवर्स यांच्या पेटीत सर्वांस समान सामग्री होती म्हणून निवड विचारांची होती. आता वरच्या श्रेणीत यंत्रांचे पाय पुन्हा एकसारखे झाले आहेत, परंतु ते पेटीने नव्हे तर खरेदीने. ज्या विद्यार्थ्याने मधला आस तीन मिलिमीटर खाली का घ्यावयाचा याचा विचार केला, आणि ज्याने तयार संच चार स्क्रूंनी आवळला, त्या दोघांची यंत्रे मैदानावर सारखीच धावतील, कदाचित दुसऱ्याचे अधिक चपळपणे धावेल. पहिल्याला वळताना घासणाऱ्या चाकाविषयी जे कळले ते दुसऱ्याला कळावयाचे तर वेगळा प्रसंग यावा लागतो. बहुधा संच मोडण्याचा.

नव्या संघांसाठी ‘फर्स्ट’च्या साहित्यात तयार चौकटीची सोय मात्र होतीच. ‘अँडीमार्क’ने २०१४ च्या हंगामापासून पुरविलेल्या चौकटीत सहा चाके, दोन गिअरबॉक्स व दातेरी पट्टे असत. सूचनापत्रिकेप्रमाणे ती एका दिवसात जोडता येई. सपाट फरशीवर ठेवून एका टोकाशी दाबली की ती किंचित डुलते, कारण मधल्या जोडीचा आस इतर दोहोंपेक्षा थोडा खाली असतो.